चॅट्सवर्थ: आपल्या केळीचं नाव जिथून आलं

बाबा पहिल्यांदाच इंग्लंडला आले होते. आम्ही रावेरकडचे, घरची केळीची बाग, त्यामुळे लंडनच्याही आधी त्यांना डर्बीशायरमधला चॅट्सवर्थचा वाडा दाखवायचा हे माझं ठरलेलंच होतं.

इथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप त्यानं काचघरात वाढवलं. नोव्हेंबर १८३५ मध्ये ते निसवलं, म्हणजे त्याला केळफूल आलं, आणि पुढच्या मे महिन्यात घडाला शंभरावर केळी होती. मालक ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश, म्हणून केळीचं नाव कॅव्हेंडिश. आपली बसराई आणि ग्रँड नैन, दोन्ही याच कुळातल्या.

आजही तिथल्या काचघरात ही केळी आहे. काचघर कायम उघडं नसतं, तेव्हा तिकीट घेतानाच चौकशी करा. आम्ही बाहेरूनच पाहिली. बाबा काचेला कपाळ टेकवून बराच वेळ उभे होते. "खोडाशी तीन पिलं आहेत. एक ठेवून बाकीची काढायला हवीत," एवढंच म्हणाले. पिलं म्हणजे बुंध्याशी फुटलेले नवे कोंब.

पॅक्स्टनचं सर्वांत मोठं काचघर आता नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली, १९२० मध्ये ते पाडलं. त्या जागी आता भूलभुलैया आहे. आत उभं राहिलं की त्या काचघराचा पसारा केवढा होता ते कळतं. मला फार हळहळ वाटली.

१८४४ चं एम्परर कारंजं रशियाच्या झारसाठी केलेलं, पण झार आलाच नाही. त्याला पंप नाही, डोंगरावरच्या तलावातलं पाणी उताराच्या जोरावर उसळतं. कॅस्केड म्हणजे पायऱ्यांवरून वाहणारा धबधबा. त्याच्या २४ पायऱ्या वेगवेगळ्या आकाराच्या आहेत, त्यामुळे पाण्याचा आवाजही पायरीगणिक बदलतो. मात्र पाणी सोडलेलं आहे का, हे निघण्याआधी वेबसाइटवर बघा.

वाड्यात दारावर टांगलेलं व्हायोलिन चुकवू नका. ते निव्वळ रंगवलेलं आहे, हे जवळ गेल्यावरही पटत नाही.

बाग १०५ एकरांची आहे, म्हणून सकाळी आधी बाग करा, वाडा दुपारी. ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर पूर्ण दिवस ठेवा, चढ आहेत. फक्त बागेचं तिकीटही मिळतं. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. शेफील्डहून बस आहे, पण परतीची वेळ उतरतानाच बघून ठेवा.