दहा मिनिटं म्हणजे दहाच पानं

आज दिवसभर शॉर्ट फिल्मच्या पटकथा वाचल्या. बहुतेकींचं दुखणं एकच: कॅमेऱ्याला दिसणारच नाही ते कागदावर उतरवलंय. ‘बाबांना मुलाची फार आठवण येते’ हे शूट कसं करणार? त्याऐवजी: ‘बाबा दाराला कडी लावतात. थांबतात. कडी काढून ठेवतात.’ झालं काम. वर्तमानकाळ, छोटी वाक्यं, नवी कृती की नवी ओळ.

एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा हिशोब ठरलेल्या फॉरमॅटचा. देवनागरीत फॉन्ट बदलला की तो कोलमडतो. म्हणून संवाद मोठ्याने वाचून, हालचालींसकट घड्याळ लावावं.

दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये पेच पहिल्या दीड-दोन मिनिटांत यायलाच हवा. अलार्म, ब्रश, चहा यात तीन पानं जातात आणि गोष्ट सुरूच होत नाही. (अलार्मने उघडणाऱ्या पटकथांवर खरंतर बंदीच हवी.) सीनमध्ये उशिरा शिरा, लवकर निघा.

प्रत्येक सीनवर आत की बाहेर, जागा, वेळ लिहायचीच. शूटिंगचं शेड्यूल त्यावरूनच लागतं. आणि ‘रात्र, बाहेर, पाऊस’ असं सहज लिहून टाकण्याआधी लाइट्स आणि पाण्याच्या टँकरचा खर्च निर्मात्याला विचारून घ्या.