सगळेच वर्ग लहान, मग ऑनर्स कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, मुलं विचारतात, आणि खर्चाचा विषय निघाला की सहकारीही विचारतात: आपलं विद्यापीठ एवढंसं, वर्गात वीस-पंचवीस जण, प्राध्यापक प्रत्येकाला नावानं ओळखतात. मग निवडक मुलांसाठी ऑनर्सचा वेगळा कोर्स कशासाठी? जास्तीचा गृहपाठ द्यायला?

जास्तीचा गृहपाठच असेल तर घेऊ नका. नेहमीच्या कोर्सवर दोन निबंध चढवायचे आणि त्याला ऑनर्स म्हणायचं, ही मला सरळ फसवणूक वाटते. (पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं.)

मी साथीच्या रोगांचा इतिहास शिकवतो. नेहमीच्या वर्गात जॉन स्नो, म्हणजे कॉलरा पाण्यातून पसरतो असं मांडणारा लंडनचा डॉक्टर, वीस मिनिटांत उरकायचो. साल १८५४, लंडनची ब्रॉड स्ट्रीट, कॉलरा, नकाशावर मृत्यूंच्या काळ्या रेघा आणि मधोमध पाण्याचा पंप. पंपाचा दांडा काढला, साथ थांबली. मुलं लिहून घ्यायची, मीही खूश.

ऑनर्सला बारा जण, एक टेबल आणि स्नोचा मूळ मजकूर. गोष्ट सांगितली नाही, कागद वाटले आणि गप्प बसलो. त्या कोर्समधलं माझं सगळ्यात अवघड काम तेच. बराच वेळ नुसती पानं उलटल्याचा आवाज. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की जवळच्या पोलंड स्ट्रीटवरच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवायच्या सरकारी आश्रयगृहात, ५३५ माणसं होती आणि कॉलऱ्यानं गेली फक्त ५. त्यांची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअरचा कारखाना, सत्तरच्या वर कामगार. ते बिअर प्यायचे, पंपाकडे फिरकायचे नाहीत. इथवर सगळं मला ठाऊक होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातली एक मुलगी, सबंध सत्रात जेमतेम दोनदा बोललेली, म्हणाली, "सर, दांडा ८ सप्टेंबरला काढला ना? पण तक्त्यात १ तारखेला नवे रुग्ण १४३ आहेत, ८ तारखेला १२. साथ आधीच उतरली होती की!"

मी तक्ता पाहिला. बरोबर होतं. वस्तीतले लोक पळून गेले होते, लागण आधीच घटली होती, असं स्नोनं स्वतःच लिहून ठेवलंय. वर्षानुवर्षं ते पान माझ्या कपाटात होतं आणि मी वर्गात भलतंच सांगत होतो. नेहमीच्या वर्गात तिनं हे विचारलं नसतं, कारण तिच्या हातात तक्ताच नसता. वर्ग लहान असला म्हणून उत्तर खिशात घेऊन येण्याची मास्तरांची सवय जात नाही.

अमेरिकेतल्या स्वॉर्थमोर या छोट्या कॉलेजात फ्रँक एडलॉट यांनी १९२२ साली ऑक्सफर्डच्या धर्तीवर ऑनर्स सुरू केलं. त्यातली एक युक्ती मला फार आवडते: शेवटची परीक्षा बाहेरून आलेले परीक्षक घेतात. गुण देणारा दुसराच असला, की शिकवणारा आपसूक विद्यार्थ्याच्या बाजूला जाऊन बसतो. आमच्यासारख्या ठिकाणी तर याची जास्तच गरज. चार वर्षं तेच चार चेहरे शिकवणार, तेच तपासणार, शिफारसपत्रही तेच लिहिणार. म्हणून प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला आम्ही एक तरी बाहेरचा माणूस बोलावतो.

याची किंमत आहे, ती लपवत नाही. मी बारा जणांना घेऊन बसतो तेव्हा माझा नेहमीचा वर्ग दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतो आणि फुगतो. निवडही सोपी नाही. नुसत्या गुणांवर घेतलं तर गुण जातील या धास्तीनं तोंड न उघडणारी मुलं येतात. आता आम्ही एक पान लिहून मागतो: अलीकडे तुमचं मत कशावरून बदललं? "ग्रेड घसरेल का?" हा तर ठरलेला प्रश्न. घसरू शकते, हे आधीच सांगून टाकतो.

तो तक्ता आता नेहमीच्या वर्गातही वाटतो. वीस मिनिटांचा स्नो तासाभराचा झालाय, आणि टायफॉइड दरवर्षी शिकवायचा राहून जातो.