तुम्ही विचारलंत म्हणून: त्यांनी ते ओझं पुन्हा का उचललं?

मी कादंबरी लिहितेय (अजून पूर्ण व्हायचीये, तारीख विचारू नका) आणि ती कशावर आहे हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. गुलामगिरीतून सुटलेली पोरं, नाशकात शिकलेली, इंग्रजी लिहिता-वाचता येणारी, आणि ती एका मेलेल्या गोऱ्या साहेबाचं प्रेत खांद्यावर घेऊन नऊ महिने जंगलातून चालतात? पुन्हा हमालीच करायची होती तर सुटले कशाला? प्रश्न तिरकस आहे पण चुकीचा नाही. मी स्वतःसुद्धा तिथूनच सुरुवात केली होती.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसं भरून निघालेली गलबतं इंग्रजांचं आरमार पकडायचं, आणि त्यातली सुटलेली मुलं कुठे एडनला, कुठे सेशेल्सला, तर काही थेट मुंबईला उतरवली जायची. त्यातली बरीच नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये आली. हो, तेच शरणपूर, ज्याच्या रस्त्यावर आज आपण ट्रॅफिकमध्ये अडकतो. तिथे त्यांना सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी, बायबल शिकवलं आणि नावंही नवी दिली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फरार वगैरे. मुलं याओ वगैरे जमातींची, आडनावं इंग्लंडची आणि राहायला गोदाकाठी.

आरमाराबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते, कारण कादंबरीत ती येते आणि वाचणारे दचकतात. सोडवलेल्या माणसामागे बोटीवरच्या लोकांना सरकारी बक्षीस मिळायचं, आणि पकडलेल्या गलबताच्या टनावरही. त्यामुळे कधी कधी साधा माल नेणारी गलबतंही जाळली गेली. म्हणजे सुटका खरी होती, पण ती करणाऱ्याच्या मनात नेहमी पुण्यच होतं असं काही नाही.

1865 साली डेव्हिड लिव्हिंगस्टन, आफ्रिकेत फिरणारा स्कॉटिश मिशनरी आणि शोधप्रवासी (तोच वरचा गोरा साहेब), मुंबईला आला, शरणपूरहून त्याने काही मुलं निवडली आणि 1866 च्या जानेवारीत त्यांना घेऊन झांझिबारला निघाला. चुमा आणि सुसी हेही आफ्रिकेचेच; चुमा मुंबईत डॉ. विल्सन या मिशनऱ्यांच्या शाळेत शिकत होता आणि सुसी मुंबईच्या गोदीत काम करत होता, तेही सोबत. जेकब आणि त्याच्या बरोबरची नाशिकची मुलं नंतर, 1872 मध्ये जाऊन मिळाली. 1873 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन मेला. तंबूत नाही, या लोकांनी बांधलेल्या झोपडीत.

मग पुढचं सगळं त्यांनी केलं. सगळे एकत्र बसले, चुमा आणि सुसी पुढारी ठरले, आणि प्रेत किनाऱ्यापर्यंत न्यायचं असं ठरलं. काळीज आणि आतडी काढून पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली, जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरं कोरली. शरीरात मीठ भरून दोन आठवडे उन्हात वाळवलं, मग कापडात, झाडाच्या सालीत आणि शिडाच्या कापडात बांधून वर डांबर लावलं, आणि निघाले. बागामोयोचा, म्हणजे झांझिबारसमोरच्या बंदराचा, किनारा दीड हजार किलोमीटरहून लांब.

आता प्रश्नाकडे येते. नेहमीचं उत्तर म्हणजे निष्ठा. धन्यावर केवढा जीव होता बघा! इंग्लंडमध्ये त्या काळात हेच उत्तर लोकांना आवडलं आणि मला वाटतं अजूनही आवडतं, कारण त्यात सगळ्यांना बरं वाटतं आणि वाहणाऱ्यांना डोकं होतं हे मान्य करावं लागत नाही. मला हे उत्तर अर्धवट वाटतं. जीव असेल, नक्कीच असेल, सात-सात वर्षं काढली होती काहींनी त्याच्यासोबत. पण नऊ महिने नुसत्या जीवावर साठेक माणसं, त्यात बायका आणि पोरंसुद्धा, एकत्र चालत नाहीत हो.

आधी काय झालं होतं ते बघा. याच प्रवासाच्या सुरुवातीला कोमोरो बेटांवरची काही माणसं लिव्हिंगस्टनला सोडून पळाली आणि झांझिबारला जाऊन सांगितलं की साहेब मारला गेला. ते खोटं होतं, शोधायला माणसं पाठवून ते खोटं ठरवलं गेलं. म्हणजे 1873 मध्ये रिकाम्या हाताने किनाऱ्यावर जाऊन साहेब मेला म्हणणाऱ्या काळ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार होतं? उलट तुम्हीच मारला असणार म्हणून बेड्या पडल्या असत्या. प्रेत हा त्यांचा पुरावा होता. त्याच्या डाव्या दंडाचं हाड फार पूर्वी सिंहाने चावून मोडलं होतं, आणि लंडनमध्ये ओळख पटली ती त्या हाडावरूनच!

आणि प्रेतासोबत पेट्या होत्या. लिव्हिंगस्टनच्या डायऱ्या, नकाशे, उपकरणं. 15 जुलै 1871 ला आजच्या काँगोतल्या न्यांग्वेच्या बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी बंदुका झाडल्या, शेकडो माणसं मेली, त्यात पाण्यात उड्या टाकलेल्या कितीतरी बायका होत्या, आणि हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. कागद संपले म्हणून जुन्या वर्तमानपत्रावर, घरी केलेल्या शाईने तो लिहीत होता. ती बातमी 1872 मध्येच इंग्लंडला पोचली होती आणि 1873 च्या जूनमध्ये झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. तो करार करायला पाठवलेले बार्टल फ्रिअर आधी मुंबईचे गव्हर्नर होते. प्रेत वाहणाऱ्यांना वाटेत यातलं काही माहीत असायचं कारण नाही. पण साहेबाच्या कागदांना वजन आहे एवढं त्यांना नक्की कळत होतं, असं मी धरून चाललेय. जेकब तर स्वतः डायरी ठेवत होता. आफ्रिकन माणसाच्या हातची त्या दिवसांची तेवढीच डायरी आज शिल्लक आहे.

वाटेत उन्यान्येंबेला (आजच्या टांझानियात) कॅमरन नावाचा इंग्रज आरमारी अधिकारी भेटला, साहेबाला शोधायलाच निघालेला. तो म्हणाला इथेच पुरा. नाही म्हणाले. 1873 सालात, गोऱ्या अधिकाऱ्याला, तोंडावर. माझ्या कादंबरीतला सगळ्यात लांब प्रसंग हाच आहे, तलवारी-बंदुका काही नाही, नुसती बोलणी. पुढे कासेकेराच्या आसपास गावकऱ्यांनी प्रेत न्यायला अडवलं, तर यांनी ज्वारीच्या धाटांचं खोटं प्रेत बांधलं, ते परत पुरायला नेतोय असं दाखवून माणसं मागे पाठवली आणि खरं प्रेत कापडाच्या गाठोड्यासारखं बांधून पुढे काढलं. महाराज आग्र्याहून सुटले त्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

वाटेत माणसं मेली. लोसी नावाची एक छोटी मुलगी डोक्यावर पाण्याचं भांडं घेऊन चालली होती, साप चावला आणि काही मिनिटांत गेली. ती कोणाची, कुठून आली, याबद्दल फार काही लिहिलेलं नाहीये. तिला मी वाढवून मोठी करणार नाही, कितीजणांनी सुचवलं तरी.

अजून एक सल मला लिहिताना सोडत नाही. लिव्हिंगस्टन गुलामगिरीच्या एवढा विरुद्ध, पण आजारपणात त्याला खायला घातलं, सोबत दिली ती बऱ्याचदा त्याच अरब व्यापाऱ्यांनी ज्यांच्या तांड्यात साखळदंड होते. शरणपूरची पोरं त्याच तांड्यांशेजारी मुक्काम करायची. ज्याने आपल्याला विकलं त्याच्या भाऊबंदाकडचं जेवण जेवायचं आणि गप्प बसायचं. तत्त्व वगैरे शब्द अशा वेळी फार हलके वाटतात, म्हणून माझा नायक (तो काल्पनिक आहे, बाकी बरेच खरे) भाषण कुठेच करत नाही.

कोणीतरी म्हणतंच की हे सगळं तिकडचं, आपल्याकडे कुठे गुलाम होते. होते की. पेशवाईत कुणबिणी, म्हणजे गुलाम बायका, विकत घेतल्या जायच्या, त्याचे कागद आहेत. कंपनीच्या मुलखात गुलामीला कायद्याचा आधार उरणार नाही असं झालं तेही 1843 साली.

बागामोयोला 1874 च्या फेब्रुवारीत पोचल्यावर इंग्रजांनी प्रेत आणणाऱ्यांचा पगार चुकता केला आणि जा म्हणाले. प्रेताबरोबर इंग्लंडला गेला फक्त जेकब, मिशनने तिकीट काढलं म्हणून. 18 एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी नेणाऱ्यांत तो होता. चुमा-सुसी पोचले तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. त्यांच्यासाठी मेडल नंतर बनवली, तोवर माणसं पांगलेली.

पण तुमच्या प्रश्नाचं माझ्यासाठी खरं उत्तर त्यानंतरचं आहे. शरणपूरची बरीच मंडळी आजच्या केनियात, मोंबासाजवळच्या फ्रिअरटाऊन आणि रबाई या मिशनच्या वस्त्यांत जाऊन राहिली. शरणपूरलाच शिकलेला विल्यम जोन्स रबाईला पाद्री होता, आणि आजूबाजूच्या मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे येऊन राहायला लागले. मालक चिडले, धमक्या आल्या, खुद्द मिशनमधल्या गोऱ्यांनासुद्धा ही कटकट नको होती. तरी पळालेले येत राहिले आणि आत घेतले जात राहिले. 1 जानेवारी 1889 ला मालकांना पैसे देऊन सुमारे 1400 जणांना सुटकेचे कागद मिळाले. यावेळी सोडवायला आरमार आलं नव्हतं. दुसरा भाग लिहिला तर तो रबाईवर असेल, आणि त्यात लिव्हिंगस्टन नसेल.