‘आप तो अब फोर्स में हो ही नहीं’

हायकोर्टाने माझ्या बडतर्फीचा आदेश रद्द केला त्याला तीन महिने झाले, तरी दलाच्या ऑफिसातली ती आवक-जावकची खिडकी आठवली की डोकं तापतं.

केंद्रीय सुरक्षा दलात १४ वर्षं शिपाई होतो. आई नागपुरात मेडिकलला भरती, आणि मी रजा संपूनही ६२ दिवस गैरहजर. चौकशी, बडतर्फी, अपील आणि रिव्हिजन दोन्ही फेटाळले.

सिव्हिल लाइन्समधल्या वकिलांनी आईच्या आजारपणाचं काही ऐकूनच घेतलं नाही. ‘हायकोर्ट पुरावा नव्याने तोलत नाही. शिक्षेआधी चौकशी अहवालाची प्रत मिळाली होती का?’ नव्हती. सुप्रीम कोर्टाच्या १९९३ च्या करुणाकर निकालानुसार ती द्यावीच लागते. पण नुसती मिळाली नाही म्हणून भागत नाही, त्याने तुमचं नुकसान काय झालं तेही दाखवावं लागतं. म्हणजे अहवाल हातात हवाच.

इथे सात महिने गेले. अर्जांना उत्तर नाही. रात्रीच्या गाडीने स्वतः दलाच्या ऑफिसात गेलो, तर खिडकीतला बाबू म्हणतो, ‘आप तो अब फोर्स में हो ही नहीं, किस हैसियत से माँग रहे हो?’ अरे, काढलं म्हणूनच तर मागतोय ना! दुसऱ्या खेपेला साहेब टूरवर, तिसऱ्या खेपेला फाइल वरच्या ऑफिसात. माहिती अधिकार टाकला तर कलम २४ दाखवलं: आमचं दल दुसऱ्या अनुसूचीत, भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचा मुद्दा नसेल तर माहिती नाही. शेवटी वकीलच वैतागले, ‘सोडा, रिट टाकू, कोर्ट रेकॉर्ड मागवेल.’ हे पहिल्याच दिवशी करायचं होतं, बावा!

(आणि कॅटकडे, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, जाऊ नका. संघाच्या सशस्त्र दलांना ते लागू नाही, थेट राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात.)

रेकॉर्ड आलं. अहवालात लिहिलेलं, ‘वैद्यकीय कागद पाठवले नाहीत.’ मी स्पीड पोस्टने पाठवले होते! पावतीची शाई पार उडाली होती, पण बायकोने तेव्हाच झेरॉक्स काढून ठेवली होती. पोस्टाच्या पावतीची झेरॉक्स त्याच दिवशी काढा. माझी नोकरी त्या कागदावर तरली.

तरली म्हणजे, सध्या निलंबित आहे. अहवाल देण्याच्या टप्प्यापासून चौकशी पुन्हा चालेल. परवा प्रत घ्यायला बोलावलं, तीच खिडकी, तोच बाबू. ‘साइन करो,’ म्हणाला. मी आधी सगळी ४१ पानं मोजली, मग सही केली.