फ्रेंच रिपोर्टमधला ‘आय’

माझं रोजचं काम तसं रुक्ष. नाशिकच्या वायनरींना लागणारे प्रेस, पंप, फिल्टर फ्रान्सहून येतात आणि त्यांच्यासोबतची जाडजूड माहितीपुस्तकं मी फ्रेंचमधून इंग्रजीत आणते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकताना कथा-कादंबऱ्यांची स्वप्नं पडायची, वाट्याला आले गॅस्केट आणि व्हॉल्व्ह. दवाखान्याचे कागद अधूनमधून येतात. ते बहुतेक विम्याच्या क्लेमचे असतात, त्यामुळे त्यांना कसली घाई नसते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आलेल्या कागदांना मात्र होती.

फोन ओळखीच्या एका सुपरवायझरचा होता. “ताई, आमच्या सेलरमधला एक मुलगा बोर्दोकडे द्राक्षतोडणीच्या हंगामाला गेला होता. तिकडे मुतखड्याने अडला, अ‍ॅडमिट केलं, नळी टाकून घरी पाठवलं. इथे आला आणि हुडहुडी भरून ताप सुरू झाला. गंगापूर रोडला अ‍ॅडमिट आहे. डॉक्टर म्हणतात तिकडचे कागद इंग्रजीत द्या, आणि आजच्या आज द्या.”

पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येऊन पडले. पेशंटच्या थोरल्या भावाने ते आधीच मोबाइलमधल्या अ‍ॅपला खाऊ घातले होते आणि त्यातून जे निघालं त्याने घरच्यांची झोप उडाली होती. ‘सोंद जेजे’चं अ‍ॅपने ‘जेजे प्रोब’ केलं होतं. आई विचारत होती, पोटात यंत्र विसरले का? ते म्हणजे आपले युरॉलॉजिस्ट ज्याला डीजे स्टेंट म्हणतात तेच, मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी. दुसरी धास्ती क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणाऱ्या रक्ततपासणीची. आकडा १६८! भाऊ म्हणाला, “ताई, दोनच्या वर गेलं की डायलिसिस, असं ऐकलंय. हे तर एकशे अडुसष्ट.” फ्रान्समध्ये क्रिएटिनिन मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. त्याला ८८.४ ने भागलं की आपलं मिलिग्रॅमचं माप येतं, म्हणजे १.९. वाढलेलं होतंच, पण आभाळ कोसळलेलं नव्हतं. हे सांगायला मिनिटही लागलं नाही. त्याचा आवाज जरा जाग्यावर आला.

अशा कामात मी अ‍ॅपला हात लावत नाही, त्याला कारण आहे. फ्रेंच डॉक्टर ‘अँथ्रॅक्स’ लिहितो तेव्हा त्याला मानेवरचं मोठं गळू म्हणायचं असतं आणि खरा अँथ्रॅक्स त्याच्या भाषेत ‘शारबाँ’, म्हणजे कोळसा. (आपण तरी कुठे कमी आहोत? काळपुळी माणसाच्या मानेवरची आणि जनावरांचीही.) ‘एटीसीडी’ ही अक्षरं दिसली की अँटिबायोटिक वाटतं, पण तो पूर्वीच्या आजारांचा इतिहास असतो. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या खुणाही उलट्या : ‘बीएलएसई’ म्हणजे आपलं ईएसबीएल, ‘एसएआरएम’ म्हणजे एमआरएसए. ही जंत्री माझ्या वहीत वर्षानुवर्षं साठत आली आहे.

या पेशंटच्या डिस्चार्ज पत्रात जंतूसमोर एकच शब्द होता : पियोसियानिक. प्रयोगशाळेच्या कागदावर त्याचंच नाव स्यूडोमोनास एरुजिनोसा. फ्रेंच डॉक्टर अजून जुनं नाव सोडायला तयार नाहीत. कार्ल जेसार नावाच्या फ्रेंच लष्करी औषधनिर्मात्याने १८८२ मध्ये जखमांच्या पट्ट्यांवर उमटणाऱ्या निळ्या-हिरव्या रंगाचा माग काढत हा जंतू वेगळा केला, म्हणून रंगावरून नाव. ते असो. खरी अडचण पुढच्या पानावर होती.

पुढचं पान अँटिबायोग्रामचं. कोणतं अँटिबायोटिक जंतूवर चालतं, कोणतं नाही, याचा तक्ता. एस म्हणजे चालतं, आर म्हणजे चालत नाही, आणि तिसरं अक्षर आय. पत्राचं पान मी पाठवलं तेवढ्यात हॉस्पिटलमधून आरएमओचा, म्हणजे तिथल्या निवासी डॉक्टरचा फोन आला. “मॅडम, तक्ता आम्हाला कळतोय, त्याचं भाषांतर नको. पिपटॅझ आय, सेफ्टाझिडीम आय, सेफेपिम आय, इमिपेनेमसुद्धा आय. सिप्रो आर. एकही एस नाही. आमचा कल्चर रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतील. सर कोलिस्टिनचा विचार करतायत.”

कोलिस्टिन म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखलेलं अँटिबायोटिक. ते मूत्रपिंडाला जड जातं, हे मला अशाच कागदांमुळे माहीत होतं, आणि याचं मूत्रपिंड आधीच कुरकुरत होतं. औषधाबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण कागदाबद्दल आहे, आणि तो कागद अर्धवट होता. फोटो काढताना खालची दोन बोटं जागा कापली गेली होती, तक्त्याची शेवटची चौकट कुठेच दिसत नव्हती. मी भावाला म्हटलं, “फोटो नको, मूळ फाइल हवी. भावाच्या मेलमध्ये बघा, लॅबने पाठवलेली असेल.” तापाने फणफणलेल्या पेशंटकडून पासवर्ड काढून त्याने ती पाठवली.

कापलेल्या भागात दोन ओळी होत्या, मेरोपेनेम आणि अमिकासिन, आणि दोन्हींपुढे एस. त्याखाली मुंगीएवढ्या तिरप्या अक्षरांत तळटीप : आय म्हणजे ‘सांसिब्ल आ फोर्त पोझोलोजी’. जास्त डोस दिला तर जंतू दबतो.

युरोपात या चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या युकास्टने २०१९ पासून ‘आय’चा अर्थच बदलला. पूर्वी तो इंटरमिजिएट होता, धड ना इकडे धड ना तिकडे. आता त्याचा अर्थ ‘औषध चालेल, पण शरीरात ते जास्त पोचलं पाहिजे’. स्यूडोमोनास मुळातच चिवट. त्याचं बाहेरचं आवरण औषधाला सहज आत शिरू देत नाही आणि जे शिरतं ते पंपासारखी प्रथिनं बाहेर फेकतात. म्हणून युकास्टने या जंतूसाठी नेहमीची बरीच औषधं सरसकट आयच्या रकान्यात टाकली, अगदी जंतूने प्रतिकार कमावलेला नसला तरी. डॉक्टरने मोठा डोस विसरू नये म्हणून. भारतातल्या बऱ्याच लॅब अमेरिकेच्या सीएलएसआयच्या निकषांवर चालतात. तिथे आय अजून इंटरमिजिएटच. अक्षर एकच, वाचणारे दोन.

मी आरएमओला पुन्हा फोन लावला आणि त्यांच्या मायक्रोबायॉलॉजिस्ट बाईंशी बोलता येईल का विचारलं. बाई फटकळ निघाल्या. “आधी एमआयसी सांगा. फ्रेंच लोक सीएमआय लिहितात.” (एमआयसी म्हणजे जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण.)

“पिपटॅझपुढे ८ आहे.”

“आठ? मग माझ्याकडे तो एस म्हणून गेला असता. आमची मर्यादा सोळा. थांबा, मी सरांशी बोलते. आणि तो तक्ता टीपेसकट द्या मला, लेखी.”

लेखी देताना मी थोडी घुटमळले. आय खोडून एस लिहिणं हा अनुवाद नव्हे, खोटेपणा आहे. इंटरमिजिएट लिहिलं तर शब्द इंग्रजी आणि अर्थ चुकीचा. मी आय तसाच ठेवला, तळटीप युकास्टच्याच अधिकृत इंग्रजी शब्दांत उतरवली आणि खाली अनुवादकाची टीप म्हणून एक वाक्य जोडलं : हा निकाल युरोपियन निकषांवर दिलेला आहे, सीएलएसआयच्या आयशी त्याची गल्लत करू नये. सीएमआयचा रकानाही, कुणी मागितला नसता तरी, दिला असता.

त्या रात्री पिपटॅझ मोठ्या डोसमध्ये, मूत्रपिंडाचा हिशेब धरून सुरू झालं. मेरोपेनेम हाताशी राखून ठेवलं आणि कोलिस्टिनचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी युरॉलॉजिस्टने जुना स्टेंट काढून नवा टाकला, कारण स्टेंटवर जंतू थर करून बसतात आणि त्या थराखाली औषध धड पोचत नाही. तिसऱ्या दिवशी इथला कल्चर रिपोर्ट आला : स्यूडोमोनास, पिपटॅझ, एमआयसी ८, एस. बाईंनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. वर म्हणाल्या, “आणि माझं मशीनही फ्रेंचच आहे बरं का, व्हायटेक. ल्योंजवळच्या बायोमेरियोचं. निकष मात्र अमेरिकेचे.”

मुलगा दिवाळीत घरी होता.

या प्रकरणाचं शेपूट विम्याच्या ऑफिसात अडकलं. तिथल्या साहेबांना अनुवादावरची माझी टीप खटकली. मूळ कागदावर नाही ते तुम्ही लिहिलंच कसं, टीप काढा नाहीतर फाइल परत. त्यांचा आक्षेप अगदीच गैर म्हणता येणार नाही. मी टीप काढली नाही. स्वतंत्र पानावर घेतली, वर ‘अनुवादकाचे निवेदन’ असं लिहून सही-शिक्का केला आणि अनुवादाचं पान मुळाबरहुकूम ठेवलं. फाइल पुढे सरकली. आता लॅबचे फ्रेंच कागद आले की मी फोटो घेतच नाही, मूळ फाइल मागते, आणि ते निवेदनाचं पान आधीपासून टाइप करून ठेवलेलं आहे.