विलोजमधले दोन दिवस आणि २३१ फेऱ्या

शनिवारी दुपारी पावणेदोनला, कॅलिफोर्नियातल्या विलोज गावाजवळच्या थंडरहिल या शर्यतीच्या ट्रॅकवर, दुसऱ्या वळणात आमची गाडी गपकन बंद पडली. ना धूर, ना वास, ना खडखड. भाचा चालवत होता. त्याने गाडी कशीबशी गवताच्या कडेला नेली आणि रेडिओवर एवढंच म्हणाला, "मामी, गेली." तिथून पुढे पावणेदोन तास आम्ही झगडलो. तेव्हा जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर जवळजवळ चाळीस फेऱ्या वाचल्या असत्या. तुमच्यापैकी कुणी पहिल्यांदाच जाणार असेल तर उपयोगी पडावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

ही शर्यत म्हणजे 'ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स'. फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत १९२३पासूनची. तिच्या नावावर केलेली ही कोटी आहे, कारण अमेरिकेत भंगार निघालेल्या गाडीला 'लेमन' म्हणतात. जे लॅम यांनी २००६मध्ये कॅलिफोर्नियातच, अल्टामाँटला ती सुरू केली. मूळ नियम एकच: गाडी ५०० डॉलरच्या आतली हवी. सुरक्षेचं सामान, ब्रेक आणि टायर या हिशेबात धरत नाहीत. रेसिंगचं लायसन्स लागत नाही, रोजचं चालतं. नावात २४ तास असले तरी बहुतेक ठिकाणी शर्यत रात्री थांबते. आमची शनिवारी दिवसभर आणि रविवारी दुपारपर्यंत मिळून साडेचौदा तास झाली.

आम्ही पाच जण, सगळे फ्रीमाँटच्या आसपासचे आणि एकाच गणपती मंडळातले. मी, माझा नवरा, डेव्हिसला शिकणारा आमचा भाचा, ऑफिसातली एक मैत्रीण आणि नवऱ्याचा मित्र, ज्यांना मी भाऊजी म्हणते. भाऊजी कोल्हापूरचे. त्यांच्या वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात गॅरेज होतं, त्यामुळे आमच्यात पाना हातात धरायची खरी सवय एकट्या त्यांनाच. गाडी १९९३ची, चार दारांची, दीड लिटर इंजिनाची जपानी सेदान. डिक्कीत गंज होता, पण इंजिन एका आवाजात चालायचं.

पैशांचं आधीच सांगते, म्हणजे कुणाची फसगत होणार नाही. गाडी ५०० डॉलरची असली तरी रोल केजला, म्हणजे गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून आत बसवलेल्या नळ्यांच्या पिंजऱ्याला, तिच्या कित्येक पट खर्च येतो. त्यावर सीट, हार्नेस (शर्यतीचे सीटला बांधून ठेवणारे पट्टे), आग विझवायची यंत्रणा, प्रत्येकाचा आगरोधक सूट, हातमोजे, बूट, मानेचा आधार हे सगळं आहेच. यात काटकसर करू नका. केज वेल्डिंगला देण्याआधी नियमावली स्वतः वाचा आणि ती छापून वेल्डरच्या हातात द्या. आमच्या आधी तपासणीला उभ्या असलेल्या चमूची नळी एका ठिकाणी ठरल्यापेक्षा पातळ निघाली. ते तिथूनच घरी परतले. मोटरसायकलचं हेल्मेट चालत नाही, गाड्यांच्या शर्यतीसाठीचा 'एसए' शिक्का असलेलं लागतं. हार्नेसला मुदत असते, जुना घेताना पट्टीवरची तारीख बघा. आणि मास्टर स्विच, म्हणजे गाडीची सगळी वीज एकदम तोडणारा स्विच, इंजिन चालू असताना बंद करून बघा. साधा स्विच लावला तर बॅटरी तुटते, पण अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राच्या) जोरावर इंजिन तसंच चालू राहतं. आमचं तेच झालं. शुक्रवारी संध्याकाळी हेडलाइटच्या उजेडात वायरिंग बदललं आणि दुसऱ्या खेपेला पास झालो.

तपासणीचा दुसरा भाग गाडीच्या किमतीचा. पावत्या, फोटो, जे विकलं त्याचा हिशेब, सगळं एका फायलीत ठेवा. गाडी सजवून नेण्याची तिथे पद्धत आहे आणि परीक्षकांना उघडपणे काहीतरी खाऊ देण्याचीही. आम्ही टपावर ॲल्युमिनियमचे डबे बोल्टने घट्ट बसवले होते आणि दारांवर मुंबईच्या डबेवाल्यांच्या खुणा रंगवल्या होत्या. खुणा कशा वाचायच्या, कुठला आकडा कशाचा, डबा किती हातांतून जातो हे मी परीक्षकांना सांगितलं. १८९०पासून हे काम चालू आहे म्हटल्यावर ते डबे हात लावून बघू लागले. घरच्या चकल्या दिल्या, त्या तिथेच उभ्या उभ्या संपल्या.

आता ट्रॅकविषयी. थंडरहिल विलोज गावाच्या पश्चिमेला, १६२ नंबरच्या रस्त्यावर आहे. आमची शर्यत तीन मैलांच्या, १५ वळणांच्या ट्रॅकवर होती. बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून, निघालात तर ८० नंबरच्या हायवेवरून ५०५ पकडा आणि मग ५ नंबर. मागे ट्रेलर असेल तर कॅलिफोर्नियात ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, तेव्हा चार तास हाताशी धरा. विलोजजवळ आलं की दोन्ही बाजूंना भाताची शेतं लागतात. पाण्याने भरलेली, पार क्षितिजापर्यंत. माझं माहेर चिपळूणचं. भातखाचरं बघून मला तरी बरं वाटलं.

पहिलं वळण डावीकडे, भरधाव. दुसरं लांबलचक डावं, संपता संपत नाही. पाचवं, ज्याला 'सायक्लोन' म्हणतात, चढावर आहे. माथ्यावर पोचेपर्यंत पुढचं काहीच दिसत नाही आणि मग रस्ता पायाखालून निघून गेल्यासारखा खाली पडतो. नववंही असंच आंधळं, चढाचं. या दोन ठिकाणी पलीकडे गाडी उभी असेल असं धरूनच जा. पुढच्या धोक्याचा इशारा देणाऱ्या झेंडेवाल्याचा चौथरा कुठे आहे ते शुक्रवारच्या सरावात पाठ करा. मी पहिल्या दहा फेऱ्या फक्त चौथरे मोजत चालवल्या आणि त्याचा मला शेवटपर्यंत फायदा झाला.

तर ती बंद पडलेली गाडी. दुसऱ्या वळणात बंद पडली म्हणून आम्हाला वाटलं, पेट्रोल कमी झालंय. लांब डाव्या वळणात टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप कोरडा पडतो, हे आम्ही वाचलं होतं. टो ट्रकने गाडी आणून दिली, आम्ही टाकी भरली, गाडी एका किल्लीत सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चार फेऱ्यांनी पुन्हा तेच, या वेळी सरळ रस्त्यावर. मग पेट्रोलचा फिल्टर बदलला. सुरू झाली. दोन फेऱ्या, पुन्हा बंद. एव्हाना ऊन डोक्यावर होतं, डांबराची झळ तोंडावर येत होती, आणि पाच जण पाच गोष्टी सुचवत होते. माझा नवरा पंपच बदलायला निघाला होता.

भाऊजी म्हणाले, "थांबा जरा सगळी. कुणी बोलू नका. वहिनी, तुम्ही आत बसा. किल्ली निम्मी फिरवा. स्टार्टर मारू नका."

मी फिरवली.

"आवाज येतोय काय?"

कसलाच येत नव्हता. किल्ली 'ऑन'वर आली की मागच्या टाकीत पंप दोन सेकंद घुंई करतो आणि डॅशबोर्डखाली टक् असा आवाज होतो. तो रोज होत होता, म्हणून कुणाच्या कानावर येत नव्हता; आता नव्हता तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. भाऊजी पाठीवर झोपून डॅशबोर्डखाली शिरले आणि आगपेटीहून थोडी मोठी अशी रिलेची, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचची, डबी काढून बाहेर आले. वरचं प्लास्टिक उघडलं. आतल्या पट्टीवर सोल्डरचे ठिपके होते. त्यातल्या एका ठिपक्याभोवती केसाएवढं बारीक, काळं वर्तुळ. नीट बघितलं तरच दिसावं इतकं. तीस वर्षं तापून आणि थंड होऊन सोल्डरला चीर गेली होती. गाडी तापली की चीर उघडायची, पंपाची वीज तुटायची. टो ट्रक येईपर्यंत सगळं थंड व्हायचं आणि पुन्हा जुळायचं. आम्ही मात्र दर वेळी श्रेय पेट्रोलला आणि फिल्टरला देत होतो.

सोल्डर वितळवायचं सोल्डरिंग आयर्न आमच्याकडे नव्हतं. शेजारच्या पिटमध्ये (गाडी थांबवून दुरुस्त करायच्या जागेत) सगळे साठीच्या पुढचे गृहस्थ होते, त्यांचं स्वतःचं इंजिन उघडं पडलं होतं. त्यातल्या एकाने हात पुसत जनरेटर, सोल्डरिंग आयर्न आणि डोळ्याला लावायचं भिंग आणून दिलं. भाऊजींनी तो एकच नाही, सगळे ठिपके नव्याने भरले. बारा मिनिटांचं काम. रविवारी आमच्याकडे कुणी काही मागितलं तर आम्ही कुणाला नाही म्हटलं नाही. शेजारच्यांनी रात्रभर जागून इंजिन बसवलं आणि सकाळी त्यांची गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा आमच्या तंबूतून सगळे धावत गेले.

घरी आल्यावर मी हिशेब मांडला. आमचा सगळ्यात सावकाश ड्रायव्हर सगळ्यात वेगवान ड्रायव्हरपेक्षा फेरीमागे पाचेक सेकंद मागे होता. सगळ्या २३१ फेऱ्या त्यानेच चालवल्या असत्या तरी नुकसान झालं असतं १९ मिनिटांचं. एका रिलेने १०५ मिनिटं खाल्ली. शर्यतीच्या आधी महिनाभर आम्ही कोण किती जोरात चालवणार यावर बोलत होतो. त्याऐवजी गाडी तासभर उन्हात तापवून पन्नास वेळा बंद-चालू करायला हवी होती. जुन्या गाडीचा प्रत्येक रिले, इग्निशनचे भाग, रेडिएटरचे पाइप नेण्याआधीच बदला आणि जुने चालू असतील तर सुटे म्हणून बरोबर ठेवा.

दुसरा मोठा तोटा माझ्या हातून झाला. नवव्या वळणाच्या चढावर मागून एक वेगवान गाडी आली. तिला जागा द्यावी म्हणून मी बाहेरच्या बाजूला सरकले आणि चारही चाकं मातीत गेली. काळा झेंडा, म्हणजे ट्रॅक सोडून आत या. पिटमध्ये न्यायाधीशांसमोर जावं लागतं. काय झालं ते मी जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, जागा देऊ नकोस, तू तुझ्या रेषेवर राहा, ओव्हरटेक करणारा आपली वाट शोधेल. हे नव्या माणसाने मनावर कोरून ठेवावं. आपल्याला रस्त्यावर बाजूला होण्याची सवय असते आणि ट्रॅकवर तीच घातक ठरते, कारण मागच्याला तुमचा अंदाज येत नाही. गाडीला गाडी लागली तर दोघांनाही झेंडा मिळतो, चूक कुणाची हे बघत नाहीत. न्यायाधीशांशी वाद घालू नका. मी वाद घातला नाही, तरी पंधरा मिनिटं गेली.

पेट्रोल भरण्याची रंगीत तालीम घरी करा, पाण्याचे कॅन घेऊन. ड्रायव्हर गाडीबाहेर, इंजिन बंद, भरणारा पूर्ण सूट आणि हेल्मेटमध्ये, शेजारी आग विझवायचं नळकांडं धरून दुसरा. त्या वेळात गाडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आमची गाडी तासाला २० लिटरच्या आसपास प्यायची, टाकी ४५ लिटरची, म्हणून शंभर मिनिटांची एकेक पाळी ठेवली. पहिल्या बदलाला नऊ मिनिटं लागली, कारण मी पाच फूट एक इंच आणि माझ्या आधी सहा फुटी भाचा. माझ्या पाठीमागे घालायची फोमची गादी तंबूत राहिली होती. रविवारी गादीला लाल दोरी बांधली आणि ती दारालाच अडकवली. साडेचार मिनिटांत बदल झाला.

उन्हाचं हलक्यात घेऊ नका. सूट, आतले कपडे, डोक्यावर बालाक्लावा (हेल्मेटच्या आतली आगरोधक कानटोपी) आणि त्यात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला की हीटर पूर्ण चालू करावा लागतो, तेवढीच उष्णता इंजिनातून निघते. रविवारी मी शेवटची पाळी अशी हीटर लावूनच चालवली. नुसतं पाणी पुरत नाही. आम्ही कोकमाचं आगळ, मीठ, साखर घालून थर्मास भरले होते आणि पाळीच्या अर्धा तास आधी प्रत्येकाला दोन पेले सक्तीचे होते. जेवायला दहीभात आणि दाण्याची चटणी. शुक्रवारी रात्री हॉटेलचं तळलेलं खाल्लं त्या दोघांना शनिवारी हेल्मेटमध्ये मळमळलं. तंबूला वजनं बांधा, दुपारचा वारा तो उचलून नेतो. राहायला विलोजमध्ये हायवेजवळ मोटेल आहेत, लवकर बुक करा. आम्ही पॅडॉकमध्येच, म्हणजे ट्रॅकशेजारच्या तंबू-ट्रेलर लावायच्या आवारातच, झोपलो, आणि पुढच्या वेळीही तसंच करू, कारण रात्रीच खरी ओळख होते.

रविवारी शेवटच्या तासाला भाऊजी रेडिओवर होते. काट्याचा आकडा विचारायचे, मी सांगायचे. "बरं, तसंच राहू दे," एवढंच. सरळ रस्त्यावर मी ॲक्सिलरेटर थोडा आधी सोडत होते. बाजूने गाड्या जात होत्या. पाचव्या वळणाच्या माथ्यावरून खाली येताना पश्चिमेच्या टेकड्या दर वेळी दिसायच्या. शर्यत संपल्याचा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा दिसला तेव्हा मला खरंच वाटेना, म्हणून मी आणखी एकदा विचारलं.

"झालं, वहिनी. आणा आता गाडी घरी."

२३१ फेऱ्या म्हणजे ६९३ मैल, अकराशे किलोमीटरच्या वर. आपला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, तो दीड वेळा पार केल्यासारखं. बक्षीस मिळालं नाही. टपावरचे डबे सगळे जागच्या जागी होते. गाडी ट्रेलरवर चढवायच्या आधी भाऊजींनी किल्ली निम्मी फिरवली आणि आम्ही पाचही जण गप्प उभे राहिलो. टक्, आणि मागून दोन सेकंद घुंई.