रिव्हॉल्वरवर दुर्बीण कुठं बसणार, ते आधी बघ

बेळगाव आणि चिकोडीत लोकसभेचं मतदान ७ मे २०२४ ला होतं. आचारसंहिता लागली की आमच्या बंदुकांच्या दुकानात दुसरं कामच उरत नाही. परवानाधारकांनी आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानात जमा करायची असा हुकूम निघतो. मग जांबोटी, कणकुंबी, लोंढा, इकडं बैलहोंगलपर्यंतची माणसं जुन्या धोतरात नाहीतर खताच्या पोत्यात गुंडाळलेल्या बंदुका घेऊन दारात उभी. मी दुकानाचा मालक नव्हे, मिस्त्री. लष्करात ई.एम.ई.मध्ये, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या दलात, आर्मरर होतो, हत्यारं दुरुस्त करणारा. निवृत्तीनंतर गावी आलो आणि दुरुस्तीच्या टेबलावर बसलो. जमा होणारं प्रत्येक हत्यार उघडून, नळीत प्रकाश धरून, रिकामं आहे हे मी स्वतः बघतो. त्याशिवाय पावती फाटत नाही.

त्या गर्दीत खानापूर तालुक्यातले एक जुने गिऱ्हाईक आले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. १२ बोअरची एकनळी टेबलावर ठेवली, पावती खिशात घातली, तरी हलेनात.

"मिस्त्री, पोरगा तिकडं अमेरिकेत, ओहायोत असतोय न्हवं? हरणाच्या शिकारीला जाणार म्हणतोय. मोठ्या बोअरचं रिव्हॉल्वर घ्यायचं, त्याच्यावर दुर्बीण बसवायची म्हणं. मित्र सांगूलेत, सगळ्यात मोठं ते घे. मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही बोला की त्याच्याशी."

आपल्याकडं हा प्रश्न येतच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनं शौकाची शिकार बंद झाली, आणि झाली ते चांगलंच झालं. आमच्या भागात शेतकऱ्याच्या हातात असते ती पीकरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी नाहीतर ठासणीची बंदूक. रिव्हॉल्वर म्हणाल तर बहुतेक कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२, म्हणजे नळीचं भोक साधारण .३२ इंचाचं, तेही कपाटात. त्यावर दुर्बीण बसवायची म्हटलं तर ऐकणारा तोंडाकडं बघत राहील. मला मात्र यंत्र म्हणून या विषयाची आवड जुनी. रिव्हॉल्वरची फ्रेम म्हणजे मूळ सांगाडा, धक्का कुठून कुठं जातो, आटे कुठं निसटतात, हे वाचत आणि हाताळत आलोय. मी मामांना म्हटलं, रात्री साडेआठला फोन लावायला सांगा, तेव्हा तिकडं सकाळचे अकरा वाजलेले असतील. आणि म्हणावं, दुकानात उभा राहूनच लाव.

शटर खाली ओढून मी आणि मामा टेबलाशी बसलो. फोन आला, व्हिडिओवर पोरगा, मागं काचेचं लांबलचक काउंटर.

"काका, नमस्कार. इथं चार बाजूला काढून ठेवलीत."

"थांब. आधी कागदांचं सांग."

त्याला ग्रीन कार्ड मिळालेलं होतं. हे विचारणं भागच होतं, कारण तिथं साध्या कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक बाळगायला बंदी आहे. शिकारीचा परवाना वगैरे थोडेच अपवाद. ओहायोचा नियमही त्याला पाठ होता: हरणासाठी रिव्हॉल्वर चालतं, पण नळी किमान ५ इंच आणि काडतूस सरळ भिंतीचं, म्हणजे तोंडाशी निमुळतं न होणारं, .३५७ किंवा त्याहून मोठं. पोरगा वाचून आला होता. मला बरं वाटलं.

"आता एकेकाचा सिलिंडर उघडून कॅमेऱ्यासमोर धर. काडतुसांची सगळी घरं रिकामी दिसू देत."

त्यानं धरली. दुकानदारही शेजारी येऊन उभा राहिला. चार हत्यारं अशी: स्मिथ अँड वेसनचं .५०० मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जादा जोराचं काडतूस), त्याच कंपनीचं मॉडेल २९ म्हणजे .४४ मॅग्नम, ते वापरलेलं आणि दुर्बिणीसकट. रुगर कंपनीचं सुपर रेडहॉक, .४४, आणि रुगरचंच सुपर ब्लॅकहॉक हंटर, तेही .४४.

मित्रांच्या सांगण्यावरून त्याचा डोळा .५०० वर होता. २००३ मध्ये आलेलं हे काडतूस. पाचच घरं आणि लांब नळीचं हत्यार दोन किलोच्या घरात. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची (साधारण साडेपंधरा ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण १,३५० फूट वेगानं निघते. .५०० ची ऊर्जा त्याच्या अडीचपट. मी त्याला विचारलं, हरणाला एवढं कशाला? तो गप्प. मग म्हणाला, "दुर्बीण लावायची तर मोठंच बरं, असं वाटलं."

इथंच सगळ्यांची गफलत होते. दुर्बीण लावायची म्हटल्यावर माणूस बोअरचा आकडा बघतो. बघायला हवं ते फ्रेमचं लोखंड. गोळी पुढं जाते तेव्हा हत्यार मागं आणि वर उसळतं, पण वरची दुर्बीण जागीच राहू बघते. चालकानं बस एकदम पुढं घेतली की दांडी धरून उभ्या माणसाचं जे होतं तेच. ती दांडी म्हणजे इथं दुर्बिणीला धरणाऱ्या दोन रिंगा आणि बोटाच्या पेरापेक्षाही लहान स्क्रू. बोअर वाढवली की झटका वाढतो आणि स्क्रूवरचा ताणही वाढतो. शिवाय रिव्हॉल्वरचा झटका रायफलीसारखा सरळ मागं जात नाही, तोंड वर फेकतो, त्यामुळं रिंगांना वळणारा मारही बसतो. म्हणून दुर्बीण हलकी हवी, रिंगा पोलादी हव्यात, आणि रिंगा ज्यात बसतात ती जागा कारखान्यातच कोरलेली हवी. मागाहून टॅप मारून, म्हणजे हातानं आटे पाडून, केलेल्या जागेचा भरवसा नाही.

माझ्यासमोर त्याच दिवशी जमा झालेली एक वेब्ली, म्हणजे जुनं इंग्रजी रिव्हॉल्वर, होती. जुन्या फौजी घराण्यातली, कागदपत्रं चोख. तिची फ्रेम मधून बिजागरीसारखी उघडते, आणि नेम धरायची मागची माशी बसते ती वरच्या कुलपाच्या खटक्यावरच. कुलूप जरा सैल झालं की नेम हलला. इंग्रजांनी ती फौजेसाठी बनवली, त्या कामाला ती उत्तमच होती. पण दुर्बिणीला आधार द्यायला तिच्या डोक्यावर सलग लोखंडच नाही. तोंडी सांगितल्यावर पोराला ते लगेच कळलं. "म्हणजे वरची पट्टी एकसंध पाहिजे." होय, तेच.

आता मॉडेल २९. हे हत्यार १९५५ चं, .४४ मॅग्नमबरोबरच जन्मलेलं, देखणं. दुकानदार दुर्बिणीसकट स्वस्तात देत होता आणि पोराचं मन तिकडं झुकलं होतं, कारण सगळं आयतं. मी म्हटलं, पुढच्या रिंगजवळ फोन ने. अजून जवळ. दिवा लाव.

रिंगच्या अगदी पुढं, दुर्बिणीच्या काळ्या नळीवर, नखाएवढी एक चकचकीत रेघ. काळा मुलामा घासून आतलं ॲल्युमिनियम उघडं पडलेलं. मागच्या रिंगच्याही पुढं तशीच. म्हणजे गोळीगणिक दुर्बीण थोडी थोडी पुढं सरकत गेलेली. मग रिंगांच्या खालची पट्टी बघितली. एका स्क्रूच्या डोक्याची खाच चुरगळलेली आणि त्याच बाजूला पट्टी आणि फ्रेममध्ये केसभर फट. तिथला आटा कारखान्याचा नव्हता. नंतर कुणीतरी हातानं भोक पाडलेलं, आणि तेही तिरकं.

"काका, एवढ्या लांबून कसं दिसलं तुम्हाला?"

दिसतं. सरकलेली वस्तू खूण ठेवून जाते, आणि दुरुस्तीच्या टेबलावर त्या खुणाच वाचायच्या असतात. त्यानं दुकानदाराला ती रेघ दाखवली. दुकानदारानं चष्मा लावून बघितलं, मान हलवली आणि हत्यार स्वतःच बाजूला ठेवलं. सरळ माणूस.

उरली तीन. .५०० च्या फ्रेमवर कारखान्याचे आटे आहेत, मजबूत आहेत, नाही म्हणता येणार नाही. पण त्या हत्याराच्या नळीच्या तोंडाला झटका कमी करायला वरच्या बाजूनं वायू सोडणाऱ्या खाचा आहेत. त्यातनं निघालेली काजळी दुर्बिणीच्या पुढच्या काचेकडं येते. आणि खरं कारण वेगळं. या पोरानं आयुष्यात .२२ सोडून काही झाडलेलं नाही. पहिल्याच दिवशी .५०० झाडलं तर मनगट घाबरेल, आणि घाबरलेलं मनगट चाप ओढताना डोळे मिटतं. मग दुर्बीण कितीही चांगली असो.

सुपर ब्लॅकहॉक हंटर आणि सुपर रेडहॉक यांच्यात मी बराच वेळ घालवला, कारण खरी निवड इथंच होती. हंटरची नळी साडेसात इंची, तिच्यावर जाड रिब, म्हणजे सलग पट्टी, आणि रिंगांसाठी अर्धचंद्राच्या खाचा त्या रिबमध्येच कोरलेल्या. म्हणजे दुर्बीण पूर्णपणे नळीवर, पुढं. घोडा मोकळा राहतो, अंगठ्यानं सहज ओढता येतो. पण वजन पुढं जातं, आणि हात लांब केल्यावर ते फार जाणवतं. सुपर रेडहॉक १९८७ चं. त्याची फ्रेमच पुढं वाढवून नळीच्या मुळाभोवती नेलेली आहे, आणि खाचा फ्रेममध्ये: एक सिलिंडरच्या पुढं, एक मागं. नळीवर काही भारच नाही. भार हाताच्या जवळ. माझ्या मते दुर्बिणीसाठी याहून सरळ विचार केलेलं रिव्हॉल्वर त्या काउंटरवर दुसरं नव्हतं. वायोमिंगमधल्या फ्रीडम आर्म्सची .४५४ कसूलची रिव्हॉल्वरं त्याहून बारीक मापात बनवलेली आहेत, हे मला ठाऊक आहे. पण त्यांची किंमत ऐकून मामांना घाम फुटला असता, आणि .४५४ चा दाब ६५,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचाला पाउंड) जातो, .४४ चा ३६,०००. नवशिक्याला तो नको.

सुपर रेडहॉकमध्ये एक अडचण असते, ती त्याला करूनच दाखवायला लावली. दुकानदारानं एक दुर्बीण तात्पुरती बसवून दिली. "आता अंगठ्यानं घोडा ओढून बघ." अंगठा दुर्बिणीच्या मागच्या टोकाखाली अडकला, नीट पकड मिळेना. अर्धा ओढलेला घोडा अंगठ्यातून निसटणं हा भरलेल्या रिव्हॉल्वरचा सगळ्यात वाईट प्रकार. यावर बाजूला निघणारा एक छोटा स्पर, म्हणजे अंगठ्यासाठी खुंटी, मिळतो, घोड्याला स्क्रूनं बसतो. तो लावल्याशिवाय दुकानाबाहेर पडायचं नाही, असं मी बजावलं.

मग दुर्बिणीवर गाडी आली. त्याला रायफलीची ३ ते ९ पटीची हवी होती, कारण ती सवलतीत होती. मी त्याला दुकानदाराकडं टेप मागायला सांगितली. दोन्ही हात लांब करून उभं राहा, आणि डोळ्यापासून हत्याराच्या मागच्या टोकापर्यंत मापून घे. २० इंचांच्या आसपास आलं. "आता ती रायफलीची दुर्बीण तेवढ्याच अंतरावर धर. काय दिसतं?"

"काळं... मध्ये एक ठिपका."

रायफलीच्या दुर्बिणीला डोळा साडेतीन-चार इंचांवर लागतो. रिव्हॉल्वरसाठी लांब अंतराची वेगळी दुर्बीण बनते, आणि तीही कमी पटीची चांगली. पट वाढली की दिसण्याची खिडकी लहान होते, हाताचं कापणंही तेवढ्याच पटीनं मोठं दिसतं, आणि माणूस हरीण शोधण्याऐवजी काळी कड शोधत बसतो. २ पटीची, न बदलणारी, हलकी. यावर मी अडूनच बसलो.

मामा इतका वेळ ऐकत होते. त्यांनी फोन ओढून घेतला. "ए, किती लांबनं मारणार तू?"

"शंभर यार्डांपर्यंत जातं म्हणतात, दादा."

गोळी जाते, पण प्रश्न गोळीचा नाही. आमच्या रानात फासात अडकून, पाय तुटून सुटलेलं डुक्कर मी बघितलंय. ते दिवसेंदिवस मरत होतं. जनावर जखमी करून सोडणं यासारखं पाप नाही, आणि दुर्बीण लावली की माणसाला आपण लांबचं मारू शकतो असा भास होतो. दिसणं वेगळं आणि लागणं वेगळं. मी त्याला सांगितलं: कागदाचं निशाण लावून, बसून, हाताखाली वाळूची पिशवी घेऊन, ज्या अंतरावर तुझ्या सगळ्या गोळ्या चहाच्या बशीएवढ्या जागेत पडतील, तेवढंच तुझं अंतर. त्याच्या पुढचं हरीण आपलं नाही. पिशवी मुठीखाली किंवा फ्रेमच्या पुढच्या भागाखाली, आणि बोटं सिलिंडर आणि नळीच्या फटीजवळ कधीही नाहीत. तिथून बाजूला उडणारा वायू कातडी फाडतो.

त्यानं सुपर रेडहॉक घेतलं, साडेसात इंची. दुर्बीण त्या दिवशी घेऊ नकोस म्हटलं, उन्हाळाभर साध्या माशीवर झाड, तेही .४४ स्पेशल घालून. त्याच सिलिंडरमध्ये ते बसतं आणि झटका निम्म्याहून कमी. हात स्थिरावला की मग मॅग्नम, आणि शेवटी दुर्बीण. बसवताना खाचा आणि रिंगा स्पिरिटनं पुसून तेलाचा अंश काढायचा, रिंग खाचेत पुढं रेटून धरायची, स्क्रू इंच-पाउंडाच्या टॉर्क ड्रायव्हरनं, म्हणजे नेमका जोर मोजणाऱ्या पेचकसानं, आवळायचे, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर नेलपॉलिशची एक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की थांबायचं.

४ जूनला मतमोजणी झाली आणि हत्यारं परत न्यायला रांग लागली. मामा आपली एकनळी घेऊन गेले, जाताना पोरानं पाठवलेले कागदाच्या निशाणाचे फोटो दाखवले. भोकं खाली आणि डावीकडं, म्हणजे चाप ओढताना बोट जोर करतंय. मी तसं लिहून दिलं. ऑगस्टमध्ये दुर्बीण बसली. तेव्हापासून तो निशाणाच्या आधी मला स्क्रूंचे फोटो पाठवतो. रेघा शाबूत आहेत. परवा विचारत होता, पन्नास यार्डांवर बशीत बसतंय, डिसेंबरच्या सुरुवातीला बंदुकीचा हंगाम सुरू होईल, तर पंच्याहत्तर धरू का? मी कळवलं, पंच्याहत्तरवर कागद लाव, बसून झाड, उभं राहून झाड, थंडीचं जाकीट घालून झाड, आणि तिन्ही फोटो पाठव. मग बघू.